माळकऱ्याचं ताट

पहाटे ५

घरात सगळ्यांच्या आधी मी उठते. यात शिस्तीचा भाग नाही. सहा वाजले की सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या घरात मिक्सर सुरू होतो, भाऊ मोबाईलवर बातम्या लावतो, आई घंटा वाजवत पूजा करते आणि पुतणीला आंघोळीला ढकलता ढकलता वहिनीचा आवाज चढतो. यातला एकेक आवाज मी सोसते. चारही एकदम आले की पुढचा दिवस उसन्या बळावर काढावा लागतो. म्हणून पाच ते सहा हा तास माझा. मोठा दिवा लावायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, चहा ठरलेल्या कपातच.

कपडे रात्रीच काढलेले असतात. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती ड्रेस, मानेमागची पट्टी कापून टाकलेली. मग कालचा कागद पुन्हा वाचायचा. त्यावर आजची बस, कुणाला भेटायचं त्यांची नावं आणि हुद्दे, जेवण कुठं, परतीची वेळ. तळाला वहिनीच्या अक्षरात एक ओळ: ‘रात्री ८ रिसेप्शन, मी सोबत आहे, ९ ला घरी.’

मी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते. मार्च संपला की पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाचा हंगाम सुरू होतो. सहकार कायद्याप्रमाणे वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत ते उरकावं लागतं. त्यामुळे एप्रिल, मे, जून हे महिने एसटीत आणि परक्या कचेऱ्यांत जातात. आज साताऱ्याची पतसंस्था आहे. आणि मी ऑटिस्टिक आहे. निदान तिशी ओलांडल्यावर पुण्यात झालं. तोवर मला तिरसट, आढ्यतेखोर, ‘हुशार आहे पण माणसात बसत नाही’ अशी बरीच निदानं घरबसल्या मिळाली होती.

सकाळी ६.३०

सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आष्टा, पेठ नाका, कराड. खिडकीची जागा आधी राखून ठेवलेली.

तिकिटाचा एक हिशेब आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं. दिव्यांगाचं कार्ड दाखवलं तर सवलत पाऊण होते. माझ्याकडं ते कार्ड आहे, पर्सच्या आतल्या कप्प्यात. ते काढलं की कंडक्टर आधी कार्ड बघतो, मग मला बघतो, मग परत कार्ड बघतो. हात जागेवर, पाय जागेवर, डोळे जागेवर. एखादा भला कंडक्टर हळूच विचारतो, ‘काय होतंय ताई तुम्हाला?’ तेवढ्यात पुढच्या तीन रांगा मागं वळलेल्या असतात. म्हणून मी ‘एक अर्धं, सातारा’ म्हणते आणि वरचे पैसे गप्प बसण्याचं भाडं म्हणून देते.

शेजारी आष्ट्याला चढलेली बाई बसली. ‘कुठं निघालासा?’ सातारा. ‘माहेर का सासर?’ काम आहे. ‘सरकारी का?’ नाही. ‘लगीन?’ नाही. माझ्यासारखीला या प्रश्नांचा जाच होत असेल असं लोकांना वाटतं. उलट आहे. एसटीतली ही प्रश्नावली पाठ करण्यासारखी आहे, क्रम ठरलेला आहे, आणि विचारणाऱ्या बाईला खरोखरच उत्तर हवं असतं. त्यात टोमणा नाही, वरचा अर्थ एक आणि खालचा एक असं काही नाही. मला अवघड जातात ते शहरी, शिकलेले, अर्धवट सोडलेले प्रश्न. ‘मग, काय विशेष?’ याला काय उत्तर द्यायचं हे मला आजही कळलेलं नाही.

तिची चौकशी संपल्यावर मी माझी सुरू केली. हळद किती? सेलम का राजापुरी? शिजवायला कुकर भाड्यानं आणला का? पॉलिश घरी की बाहेर? सांगलीला कोणत्या अडत्याकडं घालता? बाई खुलली. गड्डा आणि हळकुंड वेगळं करताना बायकांची मजुरी कशी वाढली, हळद वाळत घातली आणि वळवानं कसं गाठलं, सौद्याच्या वेळी ढिगात हात घालून हळकुंड मोडून बघणारा व्यापारी आतला रंग बघून तोंड कसं वाकडं करतो आणि तरी बोली लावतोच, हे सगळं तिनं पेठ नाक्यापर्यंत सांगितलं. तिच्या बोटांच्या पेरांत पिवळेपणा मुरला होता, नखांच्या कडेला जास्त. मी तिच्या तोंडाकडं न बघता त्या बोटांकडं बघत ऐकलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती पण खिडकीबाहेर बघूनच बोलत होती.

ती उतरल्यावर मी नेहमीसारखा आकड्यांचा चाळा केला. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या वर, सांगलीची २८ लाखांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना आता १२७ माणसांत एक ऑटिस्टिक असा अंदाज देते. दोन्ही जिल्हे मिळून पंचेचाळीस हजारांच्या वर होतात. यातल्या किती जणांच्या हातात कागद आहे, हा प्रश्न वेगळा. कराड येईपर्यंत प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसांत मी त्यांना शोधत असते. तसं ते दिसत नाहीतच.

सकाळी १०

पोवई नाक्यावर उतरून चालत पतसंस्थेत. सह्या, कागद, व्हाउचर यांची मला धास्ती नाही. धास्ती असते पहिल्या वीस मिनिटांची. चेअरमन येतात, मॅनेजर येतात, चहा येतो, आणि कामाला हात लावण्याआधी इकडचं-तिकडचं बोलायचं असतं. त्याचा विषय, लांबी आणि शेवट कुठंही लिहिलेला नसतो.

माझ्याकडं यावर एक तोडगा आहे. सांगलीकर भेटला की साताऱ्यात पुराचा विषय निघतोच. ‘यंदा काय अंदाज?’ म्हटलं की मला रस्ता सापडतो. आयर्विन पुलापाशी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५५ च्या आसपास होतं, पूल स्वतः १९२९ चा. चेअरमनना आकडे आवडतात, मलाही आवडतात. थांबायचं कधी एवढंच बाहेरून ठरवावं लागतं. समोरच्याच्या चपलेची टोकं दाराकडं वळली की वाक्य संपवायचं. चेहऱ्यावरून मला हे कळत नाही, पायांवरून कळतं.

मग काम. दुपारपर्यंत कुणी मध्ये आलं नाही तर तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा वेळ असतो. रोजकीर्द, खतावणी, सोनेतारणाच्या पिशव्यांवरची सराफाची सही, कर्जप्रकरणातला जामीनदाराचा पगाराचा दाखला. आज पिग्मीची, म्हणजे रोजच्या बचतीची, खातेवही उघडली. एका एजंटच्या वसुलीत बाजारपेठेतल्या वेगवेगळ्या दुकानांच्या रकमा ओळीनं सारख्या. सोमवार असो, आठवडी सुट्टी असो, अमावास्या असो, शंभर म्हणजे शंभर. पानवाला आणि कापडवाला एकाच दिवशी एकसारखे पैसे देत नाहीत. पावसाळ्यात तर मुळीच नाहीत. एजंट बहुधा खातेदारांचे पैसे आठवड्यातून एकदा गोळा करून रोजच्या रकान्यांत वाटून टाकत असावा. अफरातफर असेलच असं नाही, पण तपासायला हवं.

ही गोष्ट सांगायची कशी हा खरा प्रश्न. शाखेत सगळ्यांसमोर ‘हे आकडे बनवलेले आहेत’ म्हटलं तर वाक्य खरं असतं आणि मॅनेजर आयुष्यभर दुखावतो. गोल गोल बोलावं तर त्यातून काय कळलं नि काय नाही याची मला खात्री नसते. म्हणून मी तोंडी काही सांगतच नाही. पान क्रमांक, तारीख, रक्कम, शंका, खुलासा कधीपर्यंत हवा, असं पत्रकावर लिहिते आणि बंद पाकिटात मॅनेजरच्या टेबलावर ठेवते. आमचे साहेब आता इतर सहायकांनाही असंच करायला लावतात. त्यांना त्यात ऑटिझम वगैरे दिसत नाही, पुढचा दोषदुरुस्ती अहवाल सोपा होतो एवढंच दिसतं. मला तेवढं पुरे आहे.

ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक. २०१२ साली त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही हे आपण धरून चालतो, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं कुठं वाचता येतं? गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, दुरुस्तीचं बिल मात्र एकाच्याच नावावर फाटतं. मी दिवसभर समोरच्याच्या चपला बघते. माझ्या चपला कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

दुपारी १.३०

जेवण. दिवसातला सगळ्यात कठीण तास, आणि त्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे.

कचेरीतलं जेवण म्हणजे सगळे गोल करून बसतात आणि डबे मध्ये येतात. ‘घ्या की मॅडम, लाजताय काय?’ कुणाची भरली वांगी, कुणाची मेथी, कुणी मुद्दाम पाहुणीसाठी आणलेलं शेंगदाण्याचं कूट घातलेलं काहीतरी. हे प्रेम आहे हे मला कळतं. पण वांग्याची साल आणि बी एकदम जिभेवर आली की माझा घसा मिटतो, आणि तो मिटल्यावर मी सभ्यपणे काही करू शकत नाही. माझ्या डब्यात चपाती, बटाट्याची कोरडी भाजी आणि वेगळ्या डबीत दही असतं. उद्याही तेच. ‘रोज हेच?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आश्चर्य दाखवायचं असतं. हे मला उशिरा समजलं.

उपवास आहे म्हटलं असतं तर प्रश्नच मिटला असता. उपवासाला कुणी ‘का’ विचारत नाही. लगेच केळी आणायला शिपाई धावतो. कुणाचं मौन असेल तर त्याच्याशी कुणी बोलायचा आग्रह धरत नाही, उलट पाटी-पेन्सिल आणून देतात. सुतकात असलेला माणूस लग्नाला आला नाही तर त्याचा मान जात नाही. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवायची, तिथं मोठ्यानं बोलायचं नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि गावजत्रेला मटणाची पंगत बसते तेव्हा माळकऱ्याचं ताट वेगळं असतं. त्याच्यासाठी आमटी आधीच वेगळ्या भांड्यात काढून ठेवलेली असते. ‘थोडंसं चाखून बघा, काही होत नाही’ असं त्याला कुणी म्हणत नाही. माळ खरी का खोटी, किती टक्के, कुणाच्या सहीची, हे कुणी विचारत नाही. तोही खाली मान घालून बसत नाही. पंगतीतच बसतो आणि पोटभर जेवतो.

म्हणजे सवलत द्यायला आम्हाला शिकवावं लागत नाही. आम्ही ती पिढ्यान् पिढ्या देत आलो आहोत. फक्त कारण देवाधर्माच्या खात्यातलं असावं लागतं. मज्जासंस्थेच्या खात्यात अजून कुणी रक्कम टाकलेली नाही.

खोटा उपवास धरायला माझी काही हरकत नव्हती. पण खोटं लक्षात ठेवावं लागतं आणि पुढच्या वेळी पुन्हा जुळवावं लागतं, ते मला जमत नाही. म्हणून मागच्या भेटीत मी मॅनेजरना सरळ सांगून टाकलं होतं: मला ऑटिझम आहे, मी एकटी जेवते, राग नसावा. ते गोंधळले. ‘म्हणजे ते शाहरुखच्या पिक्चरमधलं?’ ‘माय नेम इज खान’ २०१० चा. तेवढ्या एका आधारावर आमच्याकडं बऱ्याच जणांचा ऑटिझम उभा आहे. मी हो म्हटलं. खुलासा करत बसले असते तर दही आंबलं असतं.

आज गोल बसला तेव्हा माझ्याकडं माना वळल्या. तेवढ्यात वसुली अधिकारी बोलले. पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जाणारे. त्यांना मॅनेजरनी काय सांगितलं होतं देव जाणे. म्हणाले, ‘मॅडमचं माझ्यासारखंच हाय. त्यांचं ताट येगळं ठिवा आत, रेकॉर्डच्या खोलीत. पंखा कमी करा, लई वाजतोय.’

संपलं. कुणी काही विचारलं नाही. मी रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायलींच्या वासात चपाती-भाजी खाल्ली. पंधरा मिनिटं कुणी आलं नाही. बाहेर ते सगळे हसत होते आणि मला पहिल्यांदा त्या हसण्याचा त्रास झाला नाही.

दुपारी ३

एका शिपाईमामांचा निरोप समारंभ. लोकांना वाटतं मला समारंभ नको असतात. मला ते फार आवडतात. प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगतं, सत्कारमूर्तींचं उत्तर, आभार. पुढं काय होणार हे सूत्रसंचालक स्वतः सांगतो. टाळ्या कधी वाजवायच्या हे कळतं. आभारप्रदर्शनानंतर मात्र काहीच ठरलेलं नसतं. हातात प्लेट घेऊन लोक घोळके करतात, एका घोळक्यातून दुसऱ्यात जातात, आणि कुणी कधी कुठं जायचं हे सगळ्यांना न सांगता कळतं. मी कंदी पेढा घेऊन टेबलाकडं परतते. खरपूस, रवाळ, कोरडा. मला चालणाऱ्या गोड पदार्थांत त्याचा नंबर पहिला लागतो.

दुपारी ४.४५

निघणं हे स्वतंत्र काम आहे. ‘निघते’ म्हटल्यावर ‘बसा की, जाल सावकाश’ येतं. त्यावर बसायचं नसतं, पण लगेच उठायचंही नसतं. मी कागदावर बसची वेळ मोठ्या अक्षरात लिहून आणते आणि ती दाखवते. एसटीची वेळ सगळे मानतात.

साताऱ्याचं स्टँड संध्याकाळी. भोंग्यावरच्या घोषणा, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या, शेजारच्या तरुणाच्या फोनवर एकामागून एक रील. प्रत्येक रीलची पहिली चार सेकंदं, मग पुढची. मी कानात बोळे घातले. उंब्रजच्या पुढं कुठंतरी कंडक्टरनं काहीतरी विचारलं. मला शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागेना आणि तोंडातून आवाजही निघेना. हे असं होतं. दिवसभर आत साठत गेलं की बोलणं आधी बंद पडतं. ना मी रागावलेली असते, ना रडवेली. मी तिकीट पुढं केलं. त्यानं बघितलं, मान हलवली, पुढं गेला. एवढंच लागतं. अशा वेळी ‘बरं वाटतंय ना, पाणी देऊ का, कुणाला फोन लावू का’ यातल्या प्रत्येक प्रश्नाला मला तास तास लागतो.

बोलणं परत येईपर्यंत मी निदानाच्या वेळचा तक्ता आठवते. आपल्याकडं प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं बनवलेली मोजपट्टी वापरतात. त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण, ७० किंवा त्यावर गेलं की ऑटिझम. नजरेला नजर देत नाही, हसण्याला हसून प्रतिसाद देत नाही, अलिप्त राहते. बघणाऱ्याला काय दिसतं त्याची ही यादी. डांबरी रस्त्याचं काम चालू असताना खिडकीतून येणारा वास किती मिनिटं डोक्यात राहतो, याला गुण नाहीत.

कायद्याचंही सांगते, कारण विचारणारे बरेच असतात. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकार मानले, त्यात तो आहे, आणि शासकीय पदांत जे चार टक्के राखीव आहेत त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. शासकीय आस्थापनांवर कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करून देण्याची जबाबदारीही टाकली आहे. मी खाजगी कार्यालयात आहे. मला साहेबांनी तीन गोष्टी तोंडी कबूल केल्या: फोनऐवजी मेसेज, भिंतीकडचं टेबल, आणि दौरा बदलायचा असेल तर आदल्या दिवशी. यासाठी कार्यालयाला एक रुपयाही खर्च आला नाही. मुलांसाठी पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या संस्था आहेत, दिल्लीत १९९१ पासून ॲक्शन फॉर ऑटिझम आहे. ही मुलं मोठी होऊन नोकरीला लागतात, त्यांना बॉस असतो, पंगत असते, भावकी असते, याचा विचार मात्र कमी दिसतो.

रात्री ८

मंगल कार्यालय. भावाच्या मेहुण्याचं रिसेप्शन. वहिनी दारात उभी होती. ही बाई लेखापरीक्षक व्हायला हवी होती.

तिची पद्धत अशी. आठाला पोचायचं, तेव्हा स्टेजपुढची रांग छोटी असते आणि डीजे अजून वायरी जोडत असतो. पाकीट तिच्याकडं. फोटोत मी कडेला. रांगेत ती माझ्या अर्धं पाऊल पुढं उभी राहते आणि ओठ न हलवता सांगते, ‘हिरवा शालू, मिरजेच्या मावशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याचं विचार.’ मी गुडघ्याचं विचारते. मावशींना भरून येतं. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, त्यामुळे ‘ओळखलंस का?’ हा आपल्या लग्नांतला आवडता प्रश्न मला परीक्षेसारखा येतो. वहिनी तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचूच देत नाही. कुणी विचारायच्या आत तीच म्हणते, ‘अहो, ही काय, आत्ताच तुमचं नाव काढलं हिनं.’ हे धादांत खोटं असतं. ती कसं लक्षात ठेवते कोण जाणे.

जेवताना आईचे एक मामा शेजारी येऊन बसले. नव्वदीचे. माझ्या ताटातला वेगळा वरण-भात बघत राहिले आणि म्हणाले, ‘अगदी आजोबांवर गेलीस.’ आजोबा हरिपूरच्या हळदीच्या पेवांचा हिशेब ठेवायचे. जमिनीखाली खोल खणलेल्या त्या कोठारांत वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड लागायची नाही. बहुतेक पेवं २००५ च्या पुरात गेली. कोणतं पेव कुणाचं, कधी भरलं, आत किती पोती, हे आजोबांना वही न बघता सांगता यायचं म्हणे. घरी पाहुणे आले की ते मागच्या दारानं मळ्यात जायचे. आजी सांगायची, ‘त्यांचं तसंच आहे.’ पाहुणे मान हलवायचे आणि चहा प्यायचे. गेलेल्या माणसाचं निदान करू नये, मी करत नाही. पण त्या काळी गड्याला ‘त्यांचं तसंच आहे’ एवढ्यावर सूट मिळत होती. आजीला स्वतःला तसं व्हायचं असतं तर पाहुण्यांसमोर चहा कुणी नेला असता, हेही विचारण्यासारखं आहे. बाई माणसात बसत नाही म्हटलं की अजूनही तिच्या आईकडं बघतात.

डीजे सुरू झाला. पहिला ठोका छातीत बसायच्या आत वहिनीनं माझी पर्स उचलली होती.

रात्री १०

पुतणी झोपलीय. आईनं दिवा बारीक केलाय. साताऱ्याच्या मॅनेजरांचा मेसेज आला आहे: पिग्मीच्या एजंटला खुलासा मागितला, गुरुवारपर्यंत देतो. खाली आणखी एक ओळ: ‘पुढच्या वेळेस रेकॉर्ड रूममधला पंखा दुरुस्त करून ठेवतो.’ मी ‘आभारी आहे’ लिहून पाठवलं. अंगठ्याचं चित्र पाठवावं का यावर बराच वेळ गेला, मग सोडून दिलं.

वाचणाऱ्याला एक विनंती आहे. तुमच्या कचेरीत, वर्गात, भावकीत असं कुणीतरी असणार, आकडेच तसं सांगतात. त्याला किंवा तिला बोलावताना चार गोष्टी लिहून कळवा: किती वाजता, कोण कोण असेल, किती वेळ चालेल, आणि मधूनच उठून गेलं तर चालेल का. फोन नको, मेसेज करा. उत्तर उशिरा येईल, पण येईल.